गतीची आणि बलाची गणितं अडतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नववी ते अकरावीच्या मुलामुलींचे आहेत, एखादा त्यांच्या आईवडिलांचा. बहुतेक जण यवतमाळ, वाशीम, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या खेड्यांतले. शाळेत विज्ञानाचे एकच सर किंवा मॅडम, शिकवणी वर्ग तालुक्याला, आणि परतीची शेवटची एसटी लवकर निघून जाणारी. अशा ठिकाणी राहून यांत्रिकीची, म्हणजे गतीची आणि बलाची, गणितं शिकायची तर मदत कुठे मागायची आणि कशी मागायची, हे खाली लिहिलं आहे. जिथे गणितच समजावणं गरजेचं वाटलं तिथे तेही केलं आहे.

धडा वाचला की समजते, पण गणित आलं की काहीच सुचत नाही. असं काहून होते?

कारण प्रश्न वाचताना डोळे थेट आकड्यांवर जातात आणि हात थेट सूत्राकडे. मधली पायरी राहून जाते: काय हलतंय, कुठून कुठे चाललंय, त्याला कोण ढकलतंय आणि कोण अडवतंय. वर्गात ही पायरी सर फळ्यावर करून देतात, म्हणून गणित बघताना सोपं वाटतं. घरी ती आपल्यालाच करावी लागते.

एक गणित पूर्ण करून पाहू. एसटी ताशी ५४ किलोमीटर वेगाने चालली आहे. समोर ४० मीटरवर रस्त्यात बैल उभा आहे. ब्रेक दाबल्यावर बसचा वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो. बस बैलाच्या आधी थांबेल का?

सूत्र आठवायच्या आधी वहीत एक आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला बस, उजव्या टोकाला बैल, मधे ४० मीटर. बस ज्या दिशेने चालली आहे तिकडे बाण काढा आणि तीच धन दिशा ठरवा. आता यादी करा. सुरुवातीचा वेग १५ मी/से (५४ × ५/१८, हे पुढे सांगितलं आहे). अंतिम वेग शून्य, कारण बस थांबते. त्वरण उणे ३ मी/से², कारण ते बाणाच्या उलट आहे. किती अंतरात थांबते ते काढायचं आहे. काळ दिलेलाही नाही आणि विचारलेलाही नाही. म्हणजे ज्या समीकरणात काळ नाही तेच हवं:

अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन

० = २२५ − ६ × विस्थापन, म्हणून विस्थापन ३७.५ मीटर. बस अडीच मीटर आधी थांबते. पुस्तकातलं गणित इथे संपतं.

पण ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायला समजा एक सेकंद लागला. त्या एका सेकंदात बस पूर्ण वेगाने १५ मीटर पुढे आली. उरले २५ मीटर, आणि थांबायला तर ३७.५ हवेत. बैलापाशी पोचताना वेगाचा वर्ग २२५ − १५० = ७५, म्हणजे वेग सुमारे ८.७ मी/से, ताशी ३१ किलोमीटरच्या आसपास. तेच गणित, एक सेकंद जास्तीचा, आणि उत्तर पार उलटं. मग ती बस किती वेगाने चालली असती तर बैल वाचला असता? वेगाला एक अक्षर माना. एका सेकंदातलं अंतर आणि ब्रेकनंतरचं अंतर यांची बेरीज ४० मीटर, असं मांडलं की दहावीतलं वर्गसमीकरण तयार होतं. उत्तर १२.८ मी/से येतं, ताशी साधारण ४६ किलोमीटर. हे स्वतः करून बघा. ज्याला हे जमलं त्याला या धड्यातलं बहुतेक सगळं जमेल.

सरांना किंवा मोठ्या वर्गातल्या दादा-ताईंना प्रश्न विचारायचा तर कसा विचारू?

या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आहे, असं मला मनापासून वाटतं. "सर, हे गणित येत नाही" असं म्हटलं की समोरचा माणूस अख्खं गणित सोडवून देतो. तुम्ही ते उतरवून घेता आणि पुढच्या गणिताला तिथेच अडता. सरांचा वेळ गेला आणि तुमच्या हाती फक्त एक उत्तर आलं.

त्याऐवजी असं विचारा: "सर, दगड वर फेकल्याच्या गणितात मी वरची दिशा धन धरली. मग गुरुत्व त्वरण उणे घेतलं. उंची ११ मीटर आली, ती बरोबर आहे. पण परत खाली यायचा काळ काढताना विस्थापन किती धरायचं ते कळत नाही." या प्रश्नाला उत्तर द्यायला सरांना मिनिटभर पुरतं. खालच्या जागी परत आल्यावर विस्थापन शून्य, एवढंच त्यांना सांगायचं आहे. प्रार्थनेला जाता जाता, व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगून होतं.

म्हणून विचारायला जाताना तीन गोष्टी वहीत असू द्या: गणित जसंच्या तसं, तुमची आकृती, आणि जिथपर्यंत आलात त्या सगळ्या पायऱ्या. चुकलेल्या पायऱ्या खोडरबरने पुसू नका. चुकीची पायरीच शिकवणाऱ्याला सांगते की तुमची समजूत कुठे वळली. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर वही दिवसाउजेडी अंगणात ठेवून वरून सरळ फोटो काढा, धड्याचं नाव लिहा आणि शेवटी एका वाक्यात तुमचा प्रश्न लिहा. नुसता फोटो आणि प्रश्नचिन्ह पाठवलं तर समोरच्याला काय सांगावं तेच कळत नाही.

विचारायची भीती वाटते. सगळे हसतात.

वर्गात नका विचारू. चिठ्ठीवर लिहून वहीत ठेवा आणि वही तपासायला देताना ती वर राहू द्या. दोघी-तिघी मिळून गेलात तर आणखी बरं. तोच प्रश्न वर्गातल्या निम्म्यांना पडलेला असतो, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आणि कोणी हसलं तर ते थांबवणं हे शिक्षकाचं काम आहे, तुमचं नाही.

किमी प्रतितासाचं मी/से करताना ५/१८ ने गुणायचं की १८/५ ने?

एक किलोमीटर म्हणजे १,००० मीटर, एक तास म्हणजे ३,६०० सेकंद. १,००० ला ३,६०० ने भागलं की ५/१८. मी/से मधला आकडा नेहमी लहान येतो, एवढं लक्षात ठेवलं तरी उलटसुलट होणार नाही. ताशी १८ म्हणजे ५, ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०.

तीन समीकरणांपैकी कोणतं वापरायचं हे कसं ओळखायचं?

राशी पाच आहेत: सुरुवातीचा वेग, अंतिम वेग, त्वरण, काळ, विस्थापन. प्रत्येक समीकरणात यांतली एक नसते. अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ, यात विस्थापन नाही. विस्थापन = सुरुवातीचा वेग × काळ + ½ × त्वरण × काळाचा वर्ग, यात अंतिम वेग नाही. वर बससाठी वापरलं त्यात काळ नाही. गणितात दिलेली नाही आणि विचारलेलीही नाही अशी राशी शोधा. ती ज्यात नाही ते समीकरण तुमचं.

एक अट मात्र कधीच विसरू नका: त्वरण सगळा वेळ सारखंच राहत असेल तरच ही समीकरणं चालतात. बस आधी वेग घेते, मग एकाच वेगाने धावते, मग थांबते, असं गणित असेल तर त्याचे तीन तुकडे करा. पहिल्या तुकड्याचा अंतिम वेग हाच दुसऱ्याचा सुरुवातीचा वेग.

उणे चिन्ह कुठे द्यायचं? गुरुत्व त्वरण कधी उणे असतं, कधी अधिक.

ते तुमच्या हातात आहे. गुरुत्व त्वरण कायम खालीच असतं. तुम्ही वरची दिशा धन धरली तर ते उणे ९.८, खालची धन धरली तर अधिक ९.८. अट एवढीच की एका गणितात एकदा ठरवलेली दिशा शेवटपर्यंत पाळायची. बहुतेक चुका मधेच दिशा बदलल्याने होतात, कारण अनेक जण दगड वर जातानाचं एक गणित करतात आणि खाली येतानाचं दुसरं.

तसे तुकडे करायची गरजच नाही. समजा विहिरीच्या काठावरून दगड ४.९ मी/से वेगाने सरळ वर फेकला, आणि तो खाली १४.७ मीटरवरच्या पाण्यात पडला. वरची दिशा धन. दगड शेवटी सुरुवातीच्या जागेच्या खाली गेला, म्हणून विस्थापन उणे १४.७. मांडणी अशी होते: −१४.७ = ४.९ × काळ − ४.९ × काळाचा वर्ग. दोन्ही बाजूंना ४.९ ने भागलं की काळाचा वर्ग − काळ − ३ = ०. काळ सुमारे २.३ सेकंद. वर जाणं, थांबणं, खाली पडणं, सगळं एकाच समीकरणात आलं. दुसरं उत्तर उणे १.३ येतं. तो क्षण दगड फेकण्याआधीचा आहे, म्हणून ते सोडून द्यायचं.

आणि हा तर नेहमीचा फसवा प्रश्न: दगड सगळ्यात वर पोचतो त्या क्षणी त्वरण किती? वेग शून्य असतो, म्हणून मुलं त्वरणही शून्य लिहितात. पण त्या क्षणी त्वरणही शून्य झालं असतं तर वेग बदलायचं कारणच उरलं नसतं आणि दगड तिथेच अधांतरी राहिला असता. तो खाली येतो, कारण त्वरण तेव्हाही ९.८ च असतं.

बैल बंडीला ओढतात तेवढ्याच बलाने बंडी बैलांना मागे ओढते, असं न्यूटनचा तिसरा नियम सांगतो. मग बंडी पुढे जातेच कशी?

हा प्रश्न ज्याला पडला त्याने धडा खरोखर वाचला आहे. म्हणून सविस्तर सांगतो.

दोन्ही बलं सारखी आहेत, दिशा उलट आहेत, हे सगळं बरोबर. पण ती दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत. एक बंडीवर, दुसरं बैलजोडीवर. बेरीज-वजाबाकी करायची ती एकाच वस्तूवरच्या बलांची. म्हणून वहीत बंडी एकटी काढा, बैल पुसून टाका आणि फक्त बंडीवर लागणारी बलं बाणांनी दाखवा. अकरावीत यालाच फ्री बॉडी डायग्राम म्हणतात.

बंडीवर पुढे ओढणारं बल आहे, जुवातून आलेलं. मागे अडवणारं बल आहे, चाकं, आस आणि रस्ता यांचं मिळून. समजा भरलेल्या बंडीचं वस्तुमान ६०० किलोग्रॅम, अडथळा ५०० न्यूटन आणि बैलांची ओढ ६२० न्यूटन. बंडीवरचं असंतुलित बल १२० न्यूटन. १२० ÷ ६०० = ०.२ मी/से² त्वरणाने बंडी हलू लागते. चालीला लागल्यावर बैल ५०० न्यूटननेच ओढतात, बलं संतुलित होतात आणि बंडी एकाच वेगाने चालत राहते. बंडी चालू ठेवायला बल लागतं असं वाटतं ते अडथळ्यामुळे. अडथळा नसता तर एकदा वेग घेतलेली बंडी ओढावीच लागली नसती.

आता बैल एकटे काढा. त्यांना मागे ओढणारी बंडी आहे, तेवढ्याच ६२० न्यूटनने. मग त्यांना पुढे कोण ढकलतं? जमीन. बैल खुरांनी जमिनीला मागे रेटतात आणि जमीन त्यांना पुढे रेटते. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडी फसते तेव्हा दोन गोष्टी एकदम होतात: खूर घसरतात, म्हणून जमिनीचा पुढचा रेटा कमी पडतो, आणि चाकं रुततात, म्हणून अडथळा वाढतो. शेतकरी चाकाखाली दगड किंवा पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) टाकतो ते दुसऱ्या गोष्टीसाठी. पहिल्या गोष्टीवर काय करता येईल, ते घरी आजोबांना विचारा.

विहिरीतून बादली वर ओढताना दोरातलं ताणबल नेहमी बादलीच्या वजनाएवढंच असतं का?

बादली एकाच वेगाने वर येत असेल तर हो. पाण्यासकट १२ किलोग्रॅम बादली असेल तर १२ × ९.८ = ११७.६ न्यूटन. एकाच वेगाने खाली सोडत असाल तरी तेवढंच, आणि इथे खूप जण चुकतात. वर ओढताना वेग वाढवत असाल, समजा ०.५ मी/से² त्वरणाने, तर १२ × (९.८ + ०.५) = १२३.६ न्यूटन. जुना दोर झटका दिल्यावर तुटतो, हळू ओढल्यावर टिकतो, त्याचं कारण हेच.

गुरुत्व त्वरण ९.८ घ्यायचं की १०?

प्रश्नात दिलं असेल ते. दिलं नसेल तर ९.८.

काट्यावर कापूस क्विंटलमध्ये मोजतात ते वजन की वस्तुमान?

वस्तुमान. एक क्विंटल म्हणजे १०० किलोग्रॅम. भौतिकशास्त्रातलं त्याचं वजन ९८० न्यूटन. बाजारातल्या बोलण्यात वजन म्हणतात ते चालतं, परीक्षेत नाही.

शाळेत प्रयोगशाळा नाही. घरी काही करून बघता येईल का?

येईल, आणि करावंच. गॅलिलिओकडे तरी सेकंदकाटा कुठे होता? सरळ खाली पडणारी वस्तू मोजता येणार नाही इतकी वेगात जाते, म्हणून त्याने उतरत्या पन्हाळीतून गोळा सोडला आणि भांड्यातून गळणाऱ्या पाण्यावर काळ मोजला. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याने हे लिहिलं. तुम्हाला दोनेक मीटरचा, उभा चिरलेला प्लॅस्टिकचा पाइप पुरेल. ठिबकच्या कामातून उरलेला मोठा तुकडा अनेक घरी पडलेला असतो. वरच्या टोकापासून २० सेंटिमीटर, ८० सेंटिमीटर आणि १८० सेंटिमीटरवर खुणा करा. एक टोक थोडंसं उंच करा, वरून गोटी नुसती सोडा, ढकलू नका. पहिल्या खुणेपर्यंत जेवढा वेळ लागेल तेवढाच वेळ पहिलीपासून दुसरीपर्यंत, आणि पुन्हा तेवढाच दुसरीपासून तिसरीपर्यंत लागतो. काळ १, २, ३ या पटीत वाढतो आणि अंतर १, ४, ९ या पटीत. काळाचा वर्ग समीकरणात कुठून आला, ते इथे डोळ्यांनी दिसतं. उतार फार केला तर गोटी पळते आणि मोजता येत नाही. पहिल्या खुणेला दीडेक सेकंद लागेल इतकाच ठेवा.

विहिरीची खोली दगड टाकून काढतात तेही खरं आहे. दगड सोडल्यापासून आवाज येईपर्यंत १.७ सेकंद लागले तर ½ × ९.८ × १.७ × १.७ = १४.२ मीटर, म्हणजे साडेशेहेचाळीस फुटांच्या आसपास. आवाजाला वर यायला लागणारा वेळ सेकंदाच्या चार शतांशाएवढाच, तो सोडला तरी चालतो. बोट दाबण्यात एक दशांश सेकंदाची चूक झाली की खोलीत साडेपाच फुटांचा फरक पडतो. म्हणून पाच-सहा वेळा मोजून सरासरी घ्या, मग दोर सोडून खरी खोली बघा आणि फरक का आला ते लिहा. पण ज्या विहिरीला कठडा नाही तिच्याजवळ जायचंच नाही. कठडा असला तरी सोबत मोठं माणूस हवं. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत दगड टाकू नका.

सरासरी वेग म्हणजे दोन वेगांची बेरीज भागिले दोन ना?

नाही. एकूण अंतर भागिले एकूण काळ. तालुका १२ किलोमीटरवर आहे, जाताना सायकल ताशी १२ ने चालली, येताना वारा अंगावर म्हणून ताशी ८ ने. जायला एक तास, यायला दीड. २४ किलोमीटर अडीच तासांत, म्हणजे सरासरी चाल ताशी ९.६, दहा नव्हे. कमी वेगात आपण जास्त वेळ घालवतो, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकते. आणि घरी परत आलात म्हणून सरासरी वेग शून्य, कारण विस्थापन शून्य. चाल आणि वेग यांतला फरक विचारला की हेच उदाहरण लिहा.

आपली शकुंतला रेल्वेगाडी मूर्तिजापूर ते अचलपूर हे सुमारे ७६ किलोमीटर अंतर चारेक तासांत कापायची. सरासरी ताशी १९ किलोमीटर. मधल्या स्थानकांवर ती उभी राहायची तो वेळही त्यात धरलेला आहे. प्रत्यक्ष धावताना तिची चाल याहून जास्तच असायची.

आलेखाची गणितं सोडून दिली तर चालेल का?

सोडू नका. सूत्र आठवलं नाही तर आलेखच वाचवतो. वेग-काळ आलेखात रेषेचा चढ म्हणजे त्वरण आणि रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. वरच्या बसचा आलेख काढा: १५ पासून सुरू होऊन ५ सेकंदांत शून्यावर येणारी तिरपी रेघ. खालचा त्रिकोण ½ × ५ × १५ = ३७.५. तेच उत्तर, समीकरण न वापरता.

दहावीपर्यंत मराठीत शिकलो. अकरावी विज्ञानाला सगळं इंग्रजीत आहे. पहिल्या महिन्यातच वाटतं की आपल्याला भौतिकशास्त्र येत नाही.

भौतिकशास्त्र तुम्हाला येतं. अडतं ते वाक्य. नववीत जे विस्थापन, त्वरण, संवेग शिकलात त्याच गोष्टी पुन्हा आल्या आहेत, फक्त थोड्या खोलात. त्यामुळे जूनमध्ये अकरावीचं पुस्तक उघडायच्या आधी नववीचा गतीच्या नियमांचा आणि दहावीचा गुरुत्वाकर्षणाचा धडा मराठीतून पुन्हा वाचून काढा.

इंग्रजी गणितांत ठरावीक शब्दांच्या मागे माहिती दडलेली असते. ती ओळखायला शिकलात की निम्मी लढाई झाली. "स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट" म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. "कम्स टू रेस्ट" म्हणजे अंतिम वेग शून्य. "ड्रॉप्ड" म्हणजे नुसतं सोडलं, सुरुवातीचा वेग शून्य. "थ्रोन" म्हणजे फेकलं, तो शून्य नाही. "युनिफॉर्म व्हेलॉसिटी" म्हणजे त्वरण शून्य, म्हणून सगळी बलं संतुलित. "स्मूथ सरफेस" म्हणजे घर्षण धरायचं नाही. "लाइट स्ट्रिंग" म्हणजे दोरीचं वस्तुमान धरायचं नाही. "रिटार्डेशन" म्हणजे त्वरण वेगाच्या उलट दिशेला. असे शब्द भेटतील तसे वहीच्या मागच्या पानावर उतरवत चला. गणित वाचून झालं की ते आपल्या भाषेत शेजारच्याला सांगा, आकृती काढा, मगच इंग्रजीत उत्तर लिहायला घ्या. विचार मराठीत केला, वऱ्हाडीत केला, गोंडीत केला, काही बिघडत नाही.

दुसरी अडचण गणिताची असते. बल तिरपं लागलं की त्याचे दोन घटक करावे लागतात आणि तिथे साइन, कॉस येतात. दहावीच्या भूमितीतली त्रिकोणमिती कच्ची राहिली असेल तर प्रक्षेप्य गतीचा (फेकलेल्या वस्तूच्या गतीचा) धडा डोक्यावरून जाणारच. आठवडाभर फक्त ती पक्की करा, तो वेळ वाया जात नाही.

आणि अकरावी हे सुट्टीचं वर्ष आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. एमएचटी-सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्के असतो आणि मोशन इन अ प्लेन, लॉज ऑफ मोशन हे धडे त्यात येतात. जेईई आणि नीटला तर अकरावीची यांत्रिकी बारावीइतकीच लागते.

घरात फोन एकच, तो दिवसभर बाबांजवळ शेतात. रात्री आला तर रेंज नाही. काय करू?

रेंज मिळेल त्या दिवशी एकदाच उतरवून ठेवता येईल असं साहित्य घ्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, मराठीतलीही आणि इंग्रजीतलीही. अकरावीच्या मुलाला नववी-दहावीची मराठीतली आणि अकरावीची इंग्रजीतली, दोन्ही जवळ असलेली बरी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट नावाचा प्रकल्प आहे. कार्ल वीमन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञांनी तो २००२ साली सुरू केला. त्यात पडद्यावर गाडी ढकलून, घर्षण कमीजास्त करून बघता येतं. ते मोफत आहे, त्यातलं बरंच मराठीतही आहे, आणि एकदा उतरवलं की इंटरनेटशिवाय चालतं. शाळेच्या संगणकावर टाकून द्या अशी सरांना विनंती करा, म्हणजे सगळ्या वर्गाला होईल. मराठी विश्वकोशही इंटरनेटवर खुला आहे.

फोन नसेल तरी वाट बंद नाही. गावात बारावी विज्ञान झालेलं कोणी ना कोणी असतं, कृषी किंवा अभियांत्रिकीला गेलेली ताई दिवाळीत घरी येते. अडलेली गणितं वेगळ्या वहीत साठवून ठेवा आणि ती आली की घेऊन जा. शाळेची सहल नागपूरला जाणार असेल तर रमण विज्ञान केंद्र यादीत घालायला लावा. १९९२ पासून ते आहे, आणि तिथली उपकरणं हात लावून चालवून बघायची आहेत.

यूट्यूब आणि चॅटबॉट वापरावे का?

व्हिडिओ बघताना गणित मांडून झालं की थांबवा, स्वतः सोडवा, मग पुढे बघा. न थांबवता बघितलेला व्हिडिओ संपल्यावर सगळं येतं असं वाटतं आणि सकाळी काही येत नाही.

चॅटबॉट समजावतो चांगलं, पण आकडेमोडीत आणि चिन्हांत चुकू शकतो, आणि चुकीचं उत्तरही तितक्याच खात्रीने लिहितो. त्याला "हे सोडव" म्हणू नका. तुमची पायरी लिहा आणि म्हणा, "माझी पहिली चूक कुठे आहे तेवढंच सांग, उत्तर देऊ नको." मग ती चूक खरंच चूक आहे का हे पुस्तकाशी ताडून बघा. तयार उत्तर उतरवलं की गृहपाठ होतो, पण परीक्षेच्या खोलीत फोन नसतो.

मी सातवी शिकलेली. पोरगी गणितात अडकली की मी तिले काय सांगू?

तुम्ही सांगू नका, तिला सांगायला लावा, ताई. "यात काय चालू आहे ते मला समजेल असं सांग" म्हणा. ती बस, बैल, विहीर सांगू लागेल, आणि सांगता सांगता कुठे अडलं ते तिलाच सापडेल. तुम्हाला कळलं नाही तर सरळ म्हणा, "हे नाही समजलं, पुन्हा सांग." तुमचं न समजणं इथे तिच्या कामी येतं. दुसरं, संध्याकाळी तासभर तिला कामाला उठवू नका. घरातला मुलगा अभ्यासाला बसतो तेव्हा त्याला जसं कोणी उठवत नाही, तसंच. आणि मार्कांवरून बोलायच्या आधी तिची वही उघडून बघा. त्यात आकृत्या आणि खोडलेल्या पायऱ्या दिसल्या तर ती मेहनत करते आहे.

उत्तर बरोबर आहे की नाही हे उत्तरसूची न बघता कसं कळेल?

एककं तपासा. अंतर विचारलं आणि उत्तर मी/से मध्ये आलं तर वाटेत काहीतरी हरवलं आहे. मग आकडा जगात बसतो का बघा. सायकलचा वेग ८० मी/से, विहिरीची खोली २ किलोमीटर, चेंडू पडायला उणे काळ, अशी उत्तरं वहीत सर्रास दिसतात, कारण लिहिणाऱ्याने शेवटची ओळ पुन्हा वाचलेली नसते.

गणित शेवटी चुकलं तर सगळे गुण जातात का?

सहसा नाही. बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात: दिलेली माहिती, सूत्र, किमती घालणं, एककासह उत्तर. म्हणून वेळ कमी असला आणि आकडेमोड पूर्ण होणार नसली तरी गणित कोरं सोडू नका. दिलेलं लिहा, सूत्र लिहा, किमती घाला. एकक विसरू नका, नेहमी तिथेच गुण जातो.